मिनिटाला बारा शब्द

छप्पन सालच्या जानेवारीत मनमोहन महिन्याच्या रजेवर फणसवाडीत आला, तो ट्रेड टेस्टचं टुमणं घेऊनच. सैन्याच्या सिग्नल पलटणीत तो वायरलेसवर होता. मिनिटाला अठरा शब्द अचूक टिपले, की वरचा दर्जा आणि पुढचं खास शिक्षण.

"ताई, तू पाठव, मी टिपतो. अप्पांचा हात तुझ्यातच उतरलाय."

अप्पा तारमास्तर. वारण्याआधी त्यांनी दोन्ही मुलांना तारेच्या मोर्स लिपीचं कट्ट-कडकट्ट शिकवलं होतं. थोरली शकू रोज दुपारी त्यांचं जुनं तारयंत्र पुढ्यात घेऊन बसू लागली. मनमोहनची मान कागदावर, घड्याळ शकूच्या हातात.

"काय गो शकू, घरातच तारऑफिस उघडलंस काय?" शेजारच्या सुंदराबाई दारातून विचारत.

पहिला आठवडा तिनं इमानानं पाठवलं. मनमोहनची निम्मी अक्षरं निसटत. मग संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शहरात गोळीबार झाला. समोरच्या बिऱ्हाडातला चिंतामणी दूध आणायला गेला होता, त्याला चौघांनी उचलून आणलं. त्याच दिवशी जेवताना मनमोहन सहज बोलून गेला, "पास झालेल्यांना सरहद्दीवर धाडतात. नापास झालो तर आहेच कुलाब्याला सामान मोजत बसणं."

दुसऱ्या दिवसापासून शकूचा हात सैल पडला. अठराचे सोळा झाले, मग चौदा, शेवटी बारा.

"अठरा ना गं?"

"अठराच."

"बघ, एकही अक्षर सुटलं नाही!" तो पोरासारखा हसे. कान एकदा संथ लयीला लागला की जलद तारेचा नुसता गलका ऐकू येतो, हे अप्पांनीच तिला सांगितलेलं.

तो नापास झाला. पुढच्या रविवारी कुलाब्याहून घरी आला.

"चैत्रात पुन्हा टेस्ट आहे. पण उद्या नाव काढून घेतो. साहेब म्हणाले, तुझा कानच जड. तू मात्र फुकट राबलीस."

शकूनं हातातला घास ताटात ठेवला. त्याची सरहद्द टळली होती. ती गप्प राहिली तर कायमची टळणार होती.

"तुझा कान चांगला आहे, मनू. मीच सावकाश पाठवत होते."

"किती?"

"बारा."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. "आणि मला वाटलं, मला जमायला लागलं."

हात धुऊन त्यानं कागद-पेन्सिल घेतली. "अठरा पाठव. घड्याळ इकडे दे."

तिनं तारयंत्र पुढ्यात ओढलं. पहिलाच शब्द अडखळला.

"पुन्हा," तो म्हणाला. ताई म्हणाला नाही.