उघडा गळा

स्वतःला फौज म्हणवणाऱ्या एका टोळीनं तीन आठवड्यांत हैदराबादेत सात बॉम्ब फोडले. सातव्यानंतर तिथं नोकरीला असलेल्या आमच्या रुद्रेशचा फोन लागेना. मी उमरग्याहून मिळेल त्या एसटीनं गेलो.

दवाखान्यात एक देह दाखवला. चेहरा राहिलाच नव्हता, म्हणून मी गळा पाहिला. गळ्यात काहीच नव्हतं.

"हा माझा पोरगा न्हाय," मी डॉक्टरला सुनावलं. "आमच्यात लहानपणापासून गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. मेल्यावरही काढत न्हाईत, माणसाबरोबर पुरतात."

पुन्हा नीट बघा, असं तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. आमचा धर्म तू मला शिकवणार का, असं विचारून मी निघालो.

घरी बायको, उमादेवी, दारातच उभी होती.

"तो आपला न्हाय," मी म्हणालो. "गळा उघडा होता. जेवायला वाढ."

ती उंबऱ्यावरच बसली.

"तुम्ही रागवाल म्हणून बोलले न्हाय," ती म्हणाली. "ती डबी बघून, आत स्फोटकं दडवलीत का म्हणून पोलीस त्याला रोज अडवायचे. म्याच फोनवर सांगितलं, थोडे दिवस काढून ठेव."