अकरा खिसे आणि एक सुई

पंचेचाळिसाव्या किलोमीटरला, बरोबर दोन वाजता, पुढे पळणाऱ्या चष्मेवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा टर्रकन उसवला आणि शिवणकामवाल्या ताईंचे पाय आपोआप थांबले.

"गाठ मारतो मी. तुम्ही व्हा पुढे," चष्मेवाला म्हणाला. पाण्याची पिशवी टाकून देता येत नव्हती. तिच्याशिवाय स्पर्धावाले पुढे सोडतच नव्हते.

"दोनशे पावलांत सुटेल ती गाठ. बसा खाली."

ताईंनी स्वतः शिवलेल्या पँटला अकरा खिसे होते. कुठल्या खिशात काय, हे सकाळी सहाला तोंडपाठ होतं. आता नुसता सावळागोंधळ. खजूर निघाले, चिकटपट्टी निघाली, दोऱ्याचं रीळही निघालं.

"सुई कुठं गेली मेली?"

"ताई, तुमच्या कॉलरला आहे."

होतीच. गेली सव्वीस वर्षं तिथेच तर असते.

"दोन टाके पुरेत हो," तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

"आणि परत उसवलं तर? नाव कुणाचं जाईल?"

नाव. तीन वाजता यादी बंद होणार होती. नऊ तासांत पन्नास किलोमीटर पळेल त्याचंच नाव त्या यादीत. त्यासाठी ताई वर्षभर पहाटे उठून पळाल्या होत्या. सव्वीस वर्षं मशीनवर बसून पाय मारले, पण मशीन काही इंचभर पुढे सरकली नाही. एकदा तरी या पायांनी कुठंतरी पोचायचं, आणि तसं कुणीतरी लिहून ठेवायचं, एवढाच हट्ट. घरचे पोट धरधरून हसले होते. मुलगीही हसली, पण सगळ्यांत कमी.

ताईंनी पट्ट्यावर दुहेरी टीप घातली. आठ मिनिटं गेली. चष्मेवाला त्यांच्यासाठी हळू पळायला लागला, तसं त्यांनी त्याला चक्क ढकललंच. "लांब ढांगा दिल्यात ना देवानं? मग पळा."

शेवटच्या किलोमीटरला मुलगी सायकल घेऊन उभी होती. कपाळावर आठ्या.

"आई, फोनवर बघत होते मी, दोन वाजेपर्यंत सगळं वेळेत होतं. मधेच कुठं गायब झालीस?"

"शिवत होते."

"काय?"

"पट्टा. एका भाऊंचा."

मुलीने कपाळावर हात मारला. मग एकदम हसत सुटली आणि सायकल आईच्या शेजारी घेतली. "बरं, आता गप्प बस आणि पाय मार."

गुडघे कुरकुरत होते, मोजे ओले झाले होते, आणि ताईंना उगाचच मजा येत होती.

कमानीखाली घड्याळवाला माणूस ओशाळून म्हणाला, "तीन मिनिटं उशीर झाला हो, ताई. यादी बंद झाली."

ताई क्षणभर त्या मिटलेल्या वहीकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि पांढऱ्या रेघेपलीकडे दोन्ही पाय नीट ठेवले.

चष्मेवाला धावतच आला. तो दोन मिनिटं राखून पोचला होता. गळ्यातलं पदक काढत म्हणाला, "हे तुमचं आहे."

"घाला ते परत. मी पोचले, ते बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग झालं की. जरा पाठ करा इकडं."

त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. टीप घट्ट होती. फक्त दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, घाईत राहिलेलं. ताईंनी वाकून ते दातांनी तोडलं.