'टेक'ची कार्डं

शब्दकोशाच्या कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेले संपादकसुद्धा. सोळा वर्षं ती इंग्रजी क्रियापदांच्या मागे लागली होती आणि सध्या तिच्या वाट्याला आलं होतं 'टेक'. दिसायला एवढंसं, पण हाताला लागेल तर शपथ. गोळी घ्यायची तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, बस पकडायची तरी टेक. आपण परीक्षा देतो, ते लोक तीही टेक करतात. "मेल्याला स्वतःचं घरच नाही," ताई म्हणायची, "जो बोलावेल त्याच्याकडे पाटावर बसतो."

कामाची रीत साधी होती. एका अर्थाला एक कार्ड. वर अर्थ, खाली उदाहरणाचं वाक्य, कोपऱ्यात तारीख. लिहून झालं की खोक्यात टाकायचं, आणि समोरच्या टेबलावरची टायपिस्ट ते संगणकात उतरवून घ्यायची. बारा वर्षं दोघी समोरासमोर बसत होत्या, डबा वाटून खात होत्या. आज टायपिस्ट दाढ दाखवायला गेली होती, दुपारी येणार होती. शुक्रवारी 'टेक' संपवायचं होतं, म्हणून ताईनं स्वतःच खोकं लावायला घेतलं.

चौदा कार्डं बिनबोभाट गेली. पंधरावं होतं 'टेक आफ्टर', वळणावर जाणे. खाली वाक्य: 'मुलगी थेट आईवर गेली आहे.' तारीख सोमवारची. सोळावं कार्ड तेच. तेच वाक्य, तारीख मंगळवारची. सतराव्यावर बुधवार, म्हणजे कालचा. तिन्हींवर अक्षर तिचंच होतं.

कार्ड एकदा लिहिल्याचं तिला आठवत होतं. बाकीची दोन कधी लिहिली, काही केल्या आठवेना.

कोणी चेष्टा केली असेल, असं आधी वाटलं. पण तिच्या अक्षराची नक्कल करण्याएवढं रिकामं तिथे होतं कोण? मग तिनं स्वतःलाच प्रश्न घातले. घरचा फोन नंबर आला. बहिणीच्या मुलांची वयं आली. काल रात्री जेवायला काय होतं? तिथे मात्र कोरी पाटी.

तिच्या आईनं पंचावन्नाव्या वर्षी भाजीत दोनदा मीठ घातलं, तेव्हा घरात सगळे पोट धरून हसले होते, ताईसुद्धा. दोन वर्षांनी आईनं तिला अगदी अदबीनं विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" ताई आता त्रेपन्न वर्षांची होती.

तिनं दोन कार्डं पर्समध्ये कोंबली, चोरासारखी. तेवढ्यात संपादक दारात.

"ताई, उद्यापर्यंत होतंय ना?"

"होतंय की."

"तुमच्या कार्डांत कधी हात घालावा लागत नाही, म्हणून मी निर्धास्त असतो बघा."

ते गेले. ही नोकरी गेली तर काय, हा विचार आला आणि लगेच मागे पडला. नोकरीचं जाऊ दे, पण आपणही एक दिवस बहिणीला 'आपण कोण' विचारणार?

दुपारी टायपिस्ट सुजलेला गाल धरून आली. ताईनं पर्समधली कार्डं काढून तिच्यापुढे ठेवली. टायपिस्टचा चेहरा उतरला. तिनं आपला खालचा खण उघडला आणि रबर लावलेला एक गठ्ठा वर ठेवला. चाळीस-एक कार्डं असतील. सगळी ताईची, सगळी दुबार, आणि सगळ्यांत जुनं गेल्या वर्षीचं.

"वर्षभर?" ताईचा आवाज चढला. "वर्षभर माझ्यामागे काढून ठेवत होतीस? डोकं माझं आहे गं! मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही तुला?"

टायपिस्टनं मान खाली घातली.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोनदा. दोन्ही वेळा तू खूप रडलीस. उद्याच डॉक्टरकडे जाते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर मलाच म्हणालीस, कुठला डॉक्टर? तिसऱ्यांदा सांगायची छाती झाली नाही माझी."

ताई उभीच राहिली. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि ही भीतीसुद्धा तिसऱ्यांदाची आहे, याची तिला सर्वांत जास्त भीती वाटली.

"आत्ता जाऊ," ती म्हणाली. "उद्या नको. तू चल बरोबर."

"अगं, मी साहेबांना सांगून येते."

"नाही, तू माझ्याजवळून हलू नकोस."

तिनं टायपिस्टचा हात घट्ट धरला आणि तशीच जिना उतरू लागली. खाली पोचेपर्यंत आपण विसरलो तर, म्हणून दर पायरीला ती विचारत होती, "कुठे चाललोय आपण?" आणि टायपिस्ट दर पायरीला सांगत होती, "डॉक्टरकडे."