न चाखलेली भाजी

"देवा, माझा शार्दूल पायावर उभा राहू दे. ज्यांचं रक्त त्याच्या अंगात गेलंय, त्यांना वर्षभर दर रविवारी माझ्या शेतातली भाजी शिजवून घालीन."

मंजुषाताई हा नवस बोलल्या दुबईतल्या एका इस्पितळाच्या जिन्यात. तेव्हा त्यांच्याकडे शेत नव्हतं. दुबई मरीनात अठ्ठाविसाव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट होता, आणि बाल्कनीत एक तुळस. मीसुद्धा नव्हतो त्यांच्याकडे. मी एक टोप. अ‍ॅल्युमिनियमचा, जाड बुडाचा, दोन कानांचा, पन्नास माणसांची भाजी पोटात मावेल एवढा. देरा बाजारातल्या दुकानात शिडीच्या टोकाला उपडा टांगून होतो. त्या नवसापायी माझं नशीब उघडलं, म्हणून माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

झालं होतं असं की शार्दूलची गाडी हायवेवर उलटली. मागून मुहैस्नाहच्या कॅम्पची, कामगारांची बस येत होती. माणसं उतरली, पत्रा वाकवून पोराला बाहेर काढलं, आणि इस्पितळात रक्त हवंय म्हटल्यावर तिघांनी बाह्या वर केल्या. त्यात पुढे होता रोशन. बिहारकडचा, शटरिंगचा सुतार, चाळिशी उलटलेला. शार्दूल वाचला. पाय जरा ओढतो, पण चालतो.

"नवस बोलायचाच होता तर नारळाचा बोलायचा, पेढ्यांचा बोलायचा," ताईंचे यजमान प्रकाशराव म्हणाले. "शेत? या वाळूत?"

"बोलून बसले ना मी."

"खलास! मग बोलणंच खुंटलं."

पण माणूस बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. मरीनातलं घर सोडून चौघं इन्व्हेस्टमेंट्स पार्कात दोन खोल्यांत आली, आणि वाळवंटातल्या धैद गावाजवळ एका अरबी मालकाची पडीक शेती त्यांनी खंडाने घेतली. मालकाने विहिरीचं पाणी पेला भरून प्यायला दिलं. गोड होतं. धाकटी इरा म्हणाली, "वाव, इट्स लाइक मिनरल वॉटर!" आणि सगळी हसली.

मला आणलं त्या दिवशी ताईंनी माझ्या गळ्याला हळदकुंकवाची बोटं लावली. भांड्याला याहून मोठा मान तो कोणता!

नवसाचे नियम त्यांचे त्यांनीच घातले होते. भाजी शेतातलीच, पाणी त्याच विहिरीचं. वर्ष पुरं होईपर्यंत घरच्या कुणी त्यातला घास घ्यायचा नाही. आणि हा नैवेद्य, तेव्हा शिजताना चाखायचा नाही. त्यांचा स्वतःचा रविवारचा कडक उपास. चूल पेटायची शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वाफ आली की देवाला दाखवायच्या, झाकण लावायच्या, आणि मी गाडीत बसून कॅम्पात निघायचो. कॅम्प बॉसची परवानगी काढलेली होती.

पहिली पालकाची डाळ मला अजून आठवते. लांबलचक खोलीत दुमडायच्या खाटा, दोरीवर वाळत टाकलेले निळे युनिफॉर्म, आणि मधल्या पट्ट्यात वर्तमानपत्रं अंथरून बसलेली माणसं. सगळी आधी माझ्यात वाकून बघायची. रोशनने घास घेतला आणि डोळे मिटले.

"भाभीजी, दो साल बाद साग खाया."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. घरी जाताना प्रकाशराव गाडी चालवता चालवता म्हणाले, "मंजू, पेढ्यांनी हे नसतं झालं हं."

हिवाळा चांगला गेला. वांगी आली, दुधी आला, कोथिंबीर आली. मग ऊन चढलं. जाळी बांधली, भेंडी-गवार कशीबशी धरली, पण पंप दिवसाला दुप्पट चालायला लागला. गोड पाणी वरवरचं होतं. ते संपलं तसं खालचं मचूळ यायला लागलं.

मला आधी कळलं. माझ्या गळ्याशी पाण्याची रेघ असते तिथे पांढरी कड धरायला लागली. ताई चिंच लावून घासायच्या, दुसऱ्या रविवारी पुन्हा कड. "भांडं जुनं व्हायला लागलं वाटतं," म्हणायच्या. मग विहिरीच्या पाण्यात भाजी रटरटायची, आणि त्यांचं नेहमीचं मूठभर मीठ वरून पडायचं. माझं तोंड एवढं मोठं, आणि शब्द एक फुटेल तर शपथ.

शार्दूल एकदा पाय ओढत वाफ्यावर गेला. "आई, पानांची टोकं करपतायत गं."

"ऊन आहे रे बाळा. माणसं करपतात, पानांचं काय."

आणि कॅम्पात कुणी काही बोलत नव्हतं. रोशन तेवढा एकदा हसत म्हणाला, "भाभीजी, पसीने में जितना जाता है, आप उतना सब वापस दे देती हो." सगळी खोली हसली. ताईही हसल्या. त्यांना वाटलं, अन्नाने अंगात ताकद येते म्हणतोय. परतताना केवढ्या खुशीत होत्या!

भाद्रपद लागला. एका रविवारी इराला शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी कॅम्प बघायचा होता. पोरगी थेट त्यांच्या पंगतीत मांडी घालून बसली आणि "आय ॲम हंग्री" म्हणत कुणाच्यातरी ताटलीतली गवार तोंडात घातली.

"इरा! आपण खायचं नाही त्यातलं—"

पोरीने घास हातावर काढला. "आई, हे... धिस इज लाइक सी वॉटर! हाऊ आर दे ईटिंग धिस?"

ताईंनी माझ्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. उपास मोडला. नियम मोडला. चेहरा असा झाला की मला माझी धग नकोशी वाटली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. मग खोलीभर नजर फिरवली. "रोशनभाऊ कुठे आहे? त्याला विचारते."

मग त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलला. "रोशन अस्पताल में है, भाभीजी. लकवा मार गया, आधा बदन गया. बीपी था उसको. डॉक्टर ने नमक बंद बोला था."

"आणि ही भाजी?"

"हम लोग तो नल के नीचे धोके खाते थे. उसको भी बोला, धो ले. बोला, भाभीजी की मन्नत है, प्रसाद धोते नहीं."

ताईंनी माझा काठ धरला. काठ तापलेला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, आठवड्यातल्या एका जेवणाने असं होत नाही; वर्षानुवर्षांचं ऊन, न घेतलेल्या गोळ्या. खरंच असेल. प्रकाशरावांनी ते दहादा सांगितलं. पण ताईंच्या कानात एकच वाक्य बसलं होतं: प्रसाद धोते नहीं. रोशनला स्ट्रेचरवरून विमानात चढवून गावी धाडलं. त्याआधी इस्पितळात त्या त्याच्या उशाशी उभ्या राहिल्या, माफ कर म्हणाल्या. त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. काय म्हणाला ते कुणालाच कळलं नाही, आणि आता कळायचंही नाही.

शेत गेलं. वाफ्यांवर पांढरा थर आलाय, भेंडीच्या काटक्या उभ्या आहेत, मालकाने फाटकाला साखळी घातली. निघताना प्रकाशराव म्हणाले, "मंजू, नवस मोडला समज. देव समजून घेईल."

"मोडला असता तर बरं होतं हो," ताई म्हणाल्या. "मी तो पाळत बसले. देवाला ताट दाखवलं, झाकण लावलं. जो समोर बसून जेवत होता, त्याला एकदा नाही विचारलं."

महिनाभर मी गॅलरीत उपडा होतो. वाटलं, आता भंगारवाला. मग एका रविवारी ताईंनी मला सुलटा केला. खाऱ्या पाण्याने माझ्या बुडाला बारीक खड्डे पडलेत, ते कितीही घासलं तरी जात नाहीत. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली, आणि दुकानातली मेथी, नळाचं पाणी घेऊन घरचाच गॅस पेटवला. नवसाचं वर्ष पुन्हा पहिल्या रविवारपासून मोजलं. उपास सोमवारी नेला. आता कॅम्पात पोचलं की पहिली ताटली त्या स्वतःची वाढून घेतात, वर्तमानपत्रावर सगळ्यांच्यात बसतात आणि जेवतात. कमी-जास्त काय झालं ते एकेकाला विचारतात. माणसं आधी लाजायची. आता एक म्हणतो तिखट कमी, दुसरा म्हणतो मेथी कडू. ताई ऐकून घेतात. हसणं मात्र अजून परतलेलं नाही.

मी भांडं. मला नवस बोलता येत नाही, तुम्हाला येतो. तेव्हा बोला. ज्यांनी तुमच्यासाठी हात पुढे केला, त्यांच्यासाठी खुशाल बोला. देव ऐकतो, शार्दूल चालतोय. फक्त माझ्या ताईंनी आता धरलंय तेवढं तुम्हीही धरा: ज्यांना वाढाल, त्यांच्या पंगतीत बसा, आणि त्याच टोपातला घास आधी तुम्ही खा.