तुळसाचं पेव

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मंगरूळपीरजवळच्या एका गावात दुष्काळी कामावर तळं खोदायचं ठरलं, आणि शालिकरामने त्यासाठी आपली पडीक जमीन हसत हसत देऊन टाकली. गाव चकित झालं. पोहरादेवीच्या जत्रेत आपण वाघाला दर्शनाच्या रांगेत उभं केलं, असं शपथेवर सांगणारा हा माणूस दानशूर कधीपासून झाला?

खरं कारण शालिकरामच्या पोटात होतं. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकर घसा खरवडत उतरायची, आणि प्रत्येक घासाला त्याला तुळसा आठवायची. आठ वर्षांमागे, मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात, बायकोने याच जमिनीत ज्वारीचं पेव भरलं होतं. खुणेची बोर कुणीतरी जळणाला तोडली, अन् जमिनीखालचं ते कोठार हरवलं ते हरवलंच. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास असतो. तो वास त्याला पुन्हा एकदा, फक्त एकदा हवा होता. एकट्याने दोन एकर उकरणं काही होत नव्हतं. आता शंभर माणसं उकरत होती.

रोज तो जमिनीवर लोखंडी सब्बल आपटायचा आणि कान लावायचा.

"काय शालिकभाऊ, पेव बोललं का?" मातीची टोपली डोक्यावर घेत शेजारची गोजराबाई विचारायची.

"बोललं ना! म्हने, गोजराबाईले दूर ठेव, मले भेव वाटते."

"पेव-बिव काई नाई. तुमीच खाऊन बसले असान, अन् आता आमाले राबवून राह्यले!"

एका दुपारी सब्बल पोकळ वाजली. माती उपसली, शिळा सरकवली. खाली लिंपलेलं झाकण, आणि त्यावर उमटलेला हाताचा पंजा. करंगळी आत वळलेली. लहानपणी मोडलेली तुळसाची करंगळी.

शंभर माणसं भोवती गोळा झाली.

"फोडा नं, शालिकभाऊ," मुकादम रंगराव हळूच म्हणाला.

शालिकरामने त्या पंजावर आपला पंजा ठेवला. मग मागे पाहिलं, तर सगळ्यांच्या माना पुढे आलेल्या.

"सरका रे," तो म्हणाला, आणि स्वतःच सब्बल घातली.

कंदील आत सोडला, तो विझला. कोंडलेली वाईट हवा निघून जाईपर्यंत सगळे ताटकळले. तिसऱ्या खेपेला वात जळत राहिली, तेव्हा कुठे माणूस उतरला. कडेची ज्वारी काळी पडली होती, मधली मात्र शाबूत. वास असा सुटला की मंगरूळची बस थांबवून लोक खाली उतरले, असं शालिकराम पुढे जन्मभर सांगायचा. घरोघर टोपलं टोपलं ज्वारी गेली.

संध्याकाळी गोजराबाईने पहिली भाकर त्याच्या ताटात टाकली. वास तोच होता. शालिकरामने भाकर फिरवून फिरवून पाहिली. तुळसाच्या भाकरीची कड एका जागी जाड राहायची, वाकडी करंगळी तिथं दाबायची नाही म्हणून. ही सगळीकडून सारखी होती.

"जमली का तिच्यासारखी?"

"हुबेहूब," घास तोंडात घोळवत तो म्हणाला.

"खोटं बोलून राह्यले तुमी. अन् आज तर तेबी धड जमून नाई राह्यलं."

गोजराबाईने पिठाचा दुसरा गोळा घेतला, करंगळी आत वळवली आणि भाकर थापायला लागली.