सकाय

शिकारीची जागा आणि वेळ जीवरामनं ठरवायची, हे त्याच्या मित्रानं, सुरेशचंदनं, त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

"प्राणिशास्त्रात बी. एस्सी. झालास ना? मग जनावर कधी आणि कुठे येतं ते तूच सांग. मला विचारशील तर दूध ठेवल्याशिवाय मांजरसुद्धा येत नाही."

सुरेशचंदच्या वडिलांचं शिरपूरला जिनिंग होतं. त्यांच्याकडून कापूस घेणारे मुंबईचे एक बडे पाहुणे छप्पन सालच्या उन्हाळ्यात येणार होते आणि त्यांना सातपुड्यात शिकारीला जायचं होतं. घर जैनांचं. सुरेशचंदची आई सज्जनबाई म्हणाली, "पाहुणे माझ्या ताटावर बसतील, पण ती नळी माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाही." म्हणून बंदूक आली तशी सरकीच्या गोदामात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली.

पाहुण्यांना खरं तर दिवाळीत यायचं होतं. जीवरामनंच पत्र पाठवून त्यांना थांबवलं. दिवाळीत डोंगरात जागोजागी पाणी असतं, जनावर कुठंही पितं. वैशाखात नाले आटतात, गवत जळतं, लांबवरचं दिसतं आणि तहान सगळ्यांना एकाच जागी आणते. त्यानं सायकलवरून आणि पायी फिरून शिरपूरच्या वरच्या अंगाचे नाले पाहिले. सगळे कोरडे पडले होते. एका पाड्याच्या मागं अंजनाच्या झाडांखाली खडकातून झिरपणारं एक डबकं तेवढं उरलं होतं. लोक त्याला अंजनझिरा म्हणत. काठच्या चिखलात बिबट्याचे ठसे होते. त्यातला एक ठसा बाईमाणसाच्या अनवाणी टाचेच्या खळगीत बरोबर मधोमध उमटला होता. जीवराम तो बराच वेळ बघत राहिला.

"तहान फक्त जनावरालाच लागते असं नाही," तो सुरेशचंदला म्हणाला. "माझी एक अट आहे. आपण बसू तेव्हा पाण्यावर माणूस असता कामा नये. नाहीतर मी येणार नाही आणि पाहुण्यांनाही जाऊ देणार नाही."

"कबूल. माझीपण एक ऐक. पाड्यात बंदुकीचं नाव काढू नकोस. नाव काढलंस की अर्धा पाडा मटणाच्या आशेनं आपल्या मागं आणि उरलेला अर्धा झाडावर. पाण्यावर कोण कधी येतं ती वेळ काढून घे, कारण सांगू नकोस."

जीवरामला ते पटलं नाही, पण तो हो म्हणाला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दुपारी तो पाड्यात गेला. सासरहून आलेल्या पोरींचा हा सण. प्रत्येक निंबाला झोका आणि प्रत्येक झोक्यावर गाणं असायचं. इथं मात्र एकाच मोठ्या निंबावर झोका बांधलेला होता आणि तोही कुणीतरी गुंडाळून वरच्या फांदीवर टाकला होता. खाली ओट्यावर धुरपदाबाई बसली होती. पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, गौराईचं सगळं तिच्या हातून व्हायचं.

"राम राम अक्का. यंदा झोका नाही?"

"नात गई मन्ही. तापमा." तिनं दोरीकडं पाहिलं नाही. "औंदा झोका नही, गाणं नही. गवराईलेबी मुक्यानी बोळावसूत."

"कुठं बोळवता?"

"झिरावर. दुसरं पाणी कोठे शे, भाऊ?"

गौराईची बोळवण म्हणजे सगळ्या बायका एकदम पाण्यावर. वेळ तर गावागावाची निराळी. त्यानं आवाज सहज ठेवला.

"कधी?"

"सकाय."

त्याला हायसं वाटलं. जीवराम यावलचा. घरी केळीच्या बागा, आणि बोलण्यात केळीची केयी आणि सकाळची सकाय. त्याची आई त्याला हाच शब्द म्हणून उठवायची. पुण्यात चार वर्षं शुद्ध बोलून जीभ आखडली होती. म्हातारीच्या तोंडून आईचा शब्द ऐकून तो मनातून सुखावला. आणि घरातल्या शब्दाची खात्री कोण करून घेतो?

"कोनगावना तू?" तिनं तांब्या पुढं केला.

"यावलचा."

"तरीच. तुम्हनी बोली आमनासारखीच शे."

त्यानं शिरपूरला येऊन सांगितलं, "उद्या बसू. बायका सकाळीच येऊन जातील. संध्याकाळपर्यंत माणसाचा वास उडून जाईल. दिवस मावळायच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत बसायचं, कारण चंद्र कोवळा आहे, त्याचा उजेड पुरायचा नाही."

"बघा," सुरेशचंद पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या शास्त्रज्ञानं बिबट्याची अपॉइंटमेंट घेतली."

दुसऱ्या दिवशी, युद्धानंतर लिलावात घेतलेली जिनिंगची जीप त्यांना नाल्याच्या तोंडाशी सोडून गेली. पाहुणे, जीवराम आणि बंदूक भरून देणारा शिरपूरचा हिलाल, असे तिघंच होते. अंजनाच्या बुंध्याआड दगड रचून आडोसा केलेला होता. बसण्याआधी जीवराम पाण्याकाठी उतरला. बिबट्याचा ठसा ताजा होता. आधीच्याहून जास्त खोल.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली, किंवा खरं म्हणजे दिसली नाही. सकाळी बायका येऊन गेल्या असतील तर पाण्यावर फुलं हवीत, काठावर कुंकू हवं. डबकं स्वच्छ होतं. चिखलात रोज पाणी भरणाऱ्यांची चारदोन पावलं होती, घोळक्याची नव्हती.

"चला, चला," पाहुणे दबक्या आवाजात म्हणाले. "आता काय पाणी मोजताय?"

फुलं वाहून गेली असतील, असं त्याच्या मनात आलं. पण डबक्याचं पाणी वाहत कुठं होतं? मग माकडांनी खाल्ली असतील. हे पटण्यासारखं होतं. तो आडोशात येऊन बसला, पण ते पटलेलं मनात नीट बसेना.

ऊन वर सरकत डोंगराच्या माथ्यावर गेलं. मोर ओरडायचे थांबले. नाल्याच्या वरच्या अंगाला, पाड्याच्या वाटेवर, एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. पुन्हा ओरडलं. हिलालनं पाहुण्यांच्या दंडाला बोट लावलं. बिबट्या नजरेत आहे तोवर वानर असंच खोकत राहतं. बिबट्या निघाला होता. जीवरामनं वानराकडं पाहिलं. शेंड्यावर बसून ते वाटेच्या कडेच्या करवंदीच्या जाळीत खाली बघत होतं. एकाच जागी.

वेळ गेला. जाळीतून काही आलं नाही. उजेड राखेसारखा झाला. पाहुणे चुळबुळायला लागले. हिलाल जीवरामच्या कानाशी लागला.

"नही येत आज. सकाय बसूत."

"सकाळी कशाला?" जीवराम पुटपुटला. "सकाळी येत नाही ते. संध्याकाळीच बसायला हवं."

"तेच म्हनस ना मी. सकाय, संध्याकायले."

जीवरामला आधी हसू आलं. सकाळी, संध्याकाळी? मग त्याला उमगलं. हिलालची सकाय सकाळ नव्हती. ती उद्या होती. काल ओट्यावर बसून म्हातारीनं वेळ सांगितलीच नव्हती, दिवस सांगितला होता. तिचा उद्या म्हणजे आज. आणि आज अजून संपला नव्हता.

पाहुण्यांची बंदूक वर आली.

पाण्याच्या पलीकडं काहीतरी वाकलं होतं. काळपट, ठेंगणं, पाण्याकडं तोंड करून. त्याच्यामागं आणखी काही हललं. एक आवाज नाही, एक गाणं नाही.

"थांबा! माणसं आहेत!"

जीवराम ओरडला आणि नळीवर पडला. बार झाला. नाल्याच्या दोन्ही भिंतींनी त्याचा आवाज परत परत फेकला. पलीकडं काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. किंकाळीसुद्धा नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"कोन शे?" हिलालनं हाक दिली. त्याचा आवाज फाटला होता.

पलीकडून उत्तर आलं.

"आम्हीच शेतस."

धुरपदाबाई. ती एकेकीचं नाव घ्यायला लागली. ताईबाई. ओ. कमलबाई. ओ. नाव अंधारात जायचं आणि जीवराम श्वास धरायचा. एका नावाला ओ आली नाही. म्हातारीनं ते पुन्हा घेतलं. मग एक हुंदका ऐकू आला आणि म्हातारी म्हणाली, "बठ्ठ्या शेतस." सगळ्या होत्या.

जीवराम डबक्यातूनच चालत पलीकडं गेला. एका पोरीच्या हाताला फुटलेल्या मडक्याच्या खापरीनं कापलं होतं. गौराईची टोपली कलंडली होती, मूर्तीची माती काठावर विखुरली होती. धुरपदाबाई गुडघ्यावर बसून ते तुकडे ओच्यात वेचत होती.

"तू?" ती म्हणाली. "यावलना?"

"अक्का, मला वाटलं तुम्ही सकाळी येणार."

"मी सकाय सांगं व्हतं."

"हो."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आनि बंदूक शे, हाई तू कसाले नही सांगं?"

शब्दाची चूक शब्दाच्या माथी मारता आली असती, हे कुणाच्या माथी मारणार?

म्हातारीनं ओच्यातली माती मुक्यानंच पाण्यात सोडली आणि ती उठली. बायका वाटेला लागल्या. तेवढ्यात वानर पुन्हा खोकलं.

जीवराम थबकला. बायका यायच्या आधीपासून ते ओरडत होतं. बायका त्याच्याखालून आल्या, बार झाला, तरी ते जागचं हललं नव्हतं, आणि अजूनही ते त्याच जाळीत बघत होतं. वाट जाळीला घासून जात होती. येताना त्या सगळ्या तिथूनच आल्या होत्या. एकेक करत, आवाज न करता.

"हिलाल, भर!" तो ओरडला. "आणि ये!"

मग तो धावत बायकांच्या पुढं गेला. "अक्का, गाणं म्हणा. मोठ्यानं म्हणा!"

"औंदा गाणं नही," धुरपदाबाई म्हणाली.

त्यानं जाळीकडं बोट केलं. "बिबट्या आहे. आवाजानं दूर राहील." तिनं मागच्या पोरींना जवळ ओढलं, पण गाणं उचललं नाही. तेव्हा जीवराम पुढं झाला आणि त्याची आई आखाजीला झोक्यावर म्हणायची ते गाणं त्यानं जमेल त्या सुरात ओरडून म्हणायला सुरुवात केली. सूर वाकडा होता, अर्ध्या ओळी आठवत नव्हत्या. तो टाळ्या वाजवत जाळीच्या कडेनं चालायला लागला. मागं कुणी गात नव्हतं. नुसती अनवाणी पावलं वाजत होती. सगळ्यांची वाजताहेत का, हे वळून बघायचा त्याला धीर होईना.

शेंड्यावरचं वानर गप्प झालं.