पीचच्या बरणीचं झाकण

"टोपी बदलली म्हणून डोकं बदलत नाही, लेस्टर," काउंटरमागून नॉर्म म्हणाला. "मघाशी लाल टोपी घालून एक पेटी नेलीस. माणशी एकच."

"तो माझा भाऊ असेल."

"तुला भाऊच नाही. तुझ्या आईने मला शाळेत शिकवलंय."

रांगेत हशा पिकला. लेस्टर हाइम्सने हिरवी टोपी काढून डोकं खाजवलं आणि स्वतःही हसत बाजूला झाला. महामारीचा तो दुसरा उन्हाळा होता. दर मंगळवारी सकाळी मालाचा ट्रक यायचा आणि नॉर्मच्या दुकानाबाहेर दार उघडण्याआधीपासून माणसं उभी असायची. काडतुसांचं कपाट बहुतेक रिकामंच असे. जे येई त्याचा भाव ऐकून लोक आधी शिव्या घालत आणि मग पैसे काढत.

लेस्टरच्या मागे हार्लन बीचली उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा नॉर्मने दोन्ही हात पसरले.

"बावीसची काडतुसं संपली, हार्लन. शेवटची पेटी त्या टोपीवाल्याने नेली."

"शनिवारच्या आत आणखी ट्रक?"

"ट्रकवाल्यालाच माहीत नसतं. पोरांसाठी हवी होती ना?"

हार्लननी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. दऱ्याखोऱ्यातली निम्मी माणसं त्यांच्या बसमधून शाळेत गेलेली. बस चालवणं सुटलं, पण दर उन्हाळ्यात फायर हॉलमागच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन केंद्रामागच्या मैदानावर मुलांना बंदूक शिकवण्याचा वर्ग काही सुटला नव्हता. मुलं त्यांना पॅप म्हणत. त्या डोंगराळ भागात आजोबाला पॅपच म्हणतात. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मुलं पहिल्यांदा खरी गोळी झाडत, आणि त्या दिवशी गावजेवण असे.

बाहेर लेस्टर पिकअपला टेकून उभा होता. "माझ्याकडे असती तर दिली असती रे," तो म्हणाला. "घरात एक काडतूस नाही. शपथ."

"खरं आहे," हार्लन म्हणाले. त्या भागात एखाद्याला घरात काडतुसं किती आहेत हे विचारणं म्हणजे बँकेत पैसे किती आहेत असं विचारण्यासारखं होतं. कुणी विचारत नसे आणि विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच असे.

"यंदा वर्ग राहू दे," लेस्टर म्हणाला. "फायर हॉलची माणसंही तेच म्हणतायत. एकदा ओसाड पडलं की मग ते मैदान गाड्या लावायला घेणार आहेत म्हणे."

हार्लन घराकडे वळले. पोरांना त्यांनी शब्द दिला होता.

*

त्या संध्याकाळीही वर्ग भरला. काडतुसांऐवजी पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या होत्या, भिंतीत स्क्रू पक्का बसावा म्हणून घालतात त्या. बावीसच्या बंदुकीत ती गिट्टी अगदी काडतुसासारखी बसते. चाप ओढला की टक् आवाज होतो आणि आतल्या घोड्याला इजा होत नाही.

"तोंड कुठे?" हार्लननी विचारलं.

"मातीच्या ढिगाकडे!" सगळी पोरं ओरडली.

"बोट कुठे?"

"बाहेर!"

"कधीपर्यंत बाहेर?"

"पॅप सांगतील तोपर्यंत!"

मग नळीच्या टोकाजवळ एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पडता चाप ओढायचा. टिली नावाच्या मुलीचं नाणं दर वेळी पडत होतं. ती चिडून म्हणाली, "पॅप, हे नाणंच वाकडं आहे."

"असेल. दुसरं देऊ?"

तेही पडलं. हार्लन गवतात तिच्याशेजारी पालथे झोपले. गुडघे कुरकुरले. "तू चाप ओढतेस तेव्हा श्वास धरून ठेवतेस. फुगा हातात धरून कुणी नेम धरतं का? अर्धा सोड, मग थांब."

"पॅप, शनिवारी खरी गोळी आहे ना?"

"आहे," हार्लन म्हणाले आणि हनुवटीला लागलेलं गवत पुसलं.

*

दुसऱ्या दिवशी लेस्टरची बायको डार्लीन मागच्या दाराने आत आली. दार वाजवायची सवय तिला लहानपणापासून नव्हती.

"हार्लन, ओपलची बरण्यांची झाकणं आहेत का रे? गावात नाहीत, शहरात नाहीत. सगळ्या जगाने यंदाच बागा लावल्यात. बरण्यांत भरून ठेवायच्या टोमॅटोंचा ओसरीवर ढीग पडलाय, त्यातून पाणी सुटायला लागलंय."

बरण्या पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण वरचं पातळ पत्र्याचं झाकण एकदाच हवाबंद बसतं. एकदा उघडलं की ते कामातून गेलं. ओपल, हार्लनची बायको, गावात गेली की झाकणांचं एक खोकं आणायची. मीठ आणायला गेली तरी आणायची. "अगं, एवढी झाकणं काय डोक्यावर घालायची आहेत?" हार्लन तिला चिडवायचे. "संपली तर?" एवढंच ती म्हणायची. तिला जाऊन तीन हिवाळे झाले होते.

हार्लननी तळघराचा दिवा लावला. एका फळीवर छतापर्यंत खोकी होती. खालच्या फळीवर मात्र एकच भरलेली बरणी, पीचच्या फोडींची. झाकणावर ओपलच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पीच'. तिने भरलेलं तेवढंच उरलं होतं.

डार्लीनने खोक्यांकडे पाहून छातीवर हात ठेवला. "देवा! ओपल, तू माझी लाडकी आहेस." मग बरणीकडे नजर गेली आणि तिचा आवाज खाली आला. "झाकणांचं काय घेशील?"

"काय घ्यायचंय? ने हवी तेवढी."

वर आल्यावर तिला टेबलावर पिवळ्या गिट्ट्यांचा ढीग दिसला. "भिंती पाडतोयस की काय?"

हार्लननी सांगितलं. डार्लीन ऐकत होती आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हळूहळू वर चढत होता.

"लेस्टरकडे एकही नाही म्हणाला?"

"शपथ घेऊन."

"हार्लन, आमच्या तळघरात एक खोकं आहे. वर लिहिलंय 'ख्रिसमसचे दिवे'. गेल्या डिसेंबरात मी ते उचलायला गेले. दोन दिवस कंबर धरून बसले होते." ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "असले दिवे या गावात प्रत्येक घरात आहेत. चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका दुसरं काय बोलतो? ही झाकणं तू कुणाला फुकट देऊ नकोस, मलासुद्धा. आधी दिवे, मग झाकणं. माझ्यावर सोड."

*

गुरुवारपासून हार्लनच्या दारात माणसं यायला लागली. पहिला आला तो कॉफीचा डबा घेऊन. डबा खुळखुळत होता.

"ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडली," तो बुटांकडे बघत म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. बायकोने झाकणं आणायला सांगितलंय."

"सीटखाली काय काय सापडतं," हार्लन म्हणाले आणि झाकणं दिली.

दुसऱ्याला मेलेल्या काकांच्या मोज्यात सापडली होती. तिसऱ्याला कुत्र्याच्या खाण्याच्या पिंपात. हार्लन प्रत्येकाचं तितक्याच आदराने ऐकत होते. ओपलची फळी रिकामी होत चालली होती आणि स्वयंपाकघरातलं टेबल भरत चाललं होतं.

शुक्रवारी सगळ्यात शेवटी लेस्टर आला. दोन्ही हातांनी खोकं धरून, पाय फाकवून चालत.

"तीन दिवस," तो धापा टाकत म्हणाला. "नाश्त्याला टोमॅटो, जेवायला टोमॅटो. काल पाय म्हणून पीठ लावून तळलेले टोमॅटो होते."

"पाय?"

"कोंबडीचे पाय मागितले होते मी. ती म्हणाली, हेच पाय समज." त्याने खोकं खाली ठेवलं. 'ख्रिसमसचे दिवे.' त्याने टोपी काढून त्या अक्षरांवर ठेवली. "मी चोर नाही रे, हार्लन. नॉर्मचं कपाट रिकामं होताना दिसलं की टोपी बदलून पुन्हा रांगेत उभा राहतो. वाटतं, संपली तर?"

"ओपलही हेच म्हणायची," हार्लन म्हणाले. "बस. कॉफी टाकतो."

*

शनिवारी फायर हॉलमागे लांब टेबलावर बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं आणि खरोखरच कोंबडीचे पाय मांडले होते. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. एकट्या हार्लनच्या घरात टेबलावर मांडण्यासारखं एकच काही होतं. त्यांनी पीचची बरणी आणून ठेवली होती. डार्लीनने ती पाहिली आणि कुणी उघडू नये म्हणून गुपचूप ब्रेडच्या टोपलीमागे सरकवली.

ढिगासमोर दोरीवर बायकांनी आणलेली जुनी, वापरलेली झाकणं टांगली होती. प्रत्येकावर कुणाच्या ना कुणाच्या अक्षरात आतल्या पदार्थाचं नाव. एकेक पोर गवतात पालथं झोपायचं, एकेकाला नेम सापडायचा आणि झाकण ठण् करून गिरकी घ्यायचं.

"मी बीट मारलं!"

"मला लोणचं मिळालं! आजी, तुझं लोणचं मारलं!"

"माझं लोणचं आजवर कुणाला मारता आलं नव्हतं," आजी म्हणाली आणि सगळं मैदान हसलं.

टिली शेवटची होती. तिची पाळी आली तेव्हा दोरीवर एकही धड झाकण उरलं नव्हतं. काही फाटून खाली पडली होती, काहींची नुसती चाळण झाली होती.

"कागदी ताटली लावा की," लेस्टर म्हणाला.

"चालेल, पॅप," टिली म्हणाली. तिला ते चालणार नव्हतं हे तिच्या लाल झालेल्या कानांवरूनही कळत होतं.

हार्लन टेबलाकडे गेले. ब्रेडची टोपली बाजूला केली.

"हार्लन, अरे..." डार्लीन म्हणाली.

"पीच खायचे असतात, डार्लीन."

त्यांनी झाकणाखाली चमचा घालून हलकेच उचललं. फट् असा आवाज झाला. ओपलने धरलेली हवा तोपर्यंत सुटली नव्हती. झाकण त्यांनी बाहीला पुसलं, चालत जाऊन दोरीला बांधलं, लिहिलेली बाजू समोर ठेवली आणि परत टिलीशेजारी गवतात पालथे झाले.

टिलीने खिशातून नाणं काढून नळीवर ठेवलं. ते हललं नाही. मग तिने ते उचलून हार्लनच्या हातात दिलं. हार्लननी एक काडतूस तिच्या हातात दिलं.

"अर्धा," ते म्हणाले.

"मग थांबायचं," ती म्हणाली.

झाकण ठण् वाजलं आणि उन्हात कितीतरी वेळ फिरत राहिलं. मैदानावर इतका ओरडा झाला की पलीकडच्या कुरणातल्या गायी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. लेस्टरने हिरवी टोपी उडवली. खाली पडली ती कुत्र्याने पळवली.

पोरांनी बरणीत बोटं घालून पीच खाल्ले. हार्लनच्या वाट्याला एक फोड आली. ती त्यांनी सावकाश खाल्ली.

"हे मी ठेवू?" टिलीने विचारलं. तिच्या हातात भोक पडलेलं झाकण होतं.

"मारलं कुणी?"

"मी."

"मग कुणाचं?"

निघण्याआधी मैदान साफ करायचं असतं. पोरं रांगेने गवतात ओणवी झाली आणि रिकामी पितळी टरफलं वेचायला लागली. ठेवायला काही दिसेना, म्हणून कुणीतरी पीचची बरणी नळाखाली धुऊन आणली. ती गळ्यापर्यंत भरली.

घरी आल्यावर हार्लन तळघरात उतरले. वरची फळी रिकामी झाली होती. खालच्या फळीवर, धुळीत उमटलेल्या गोल खुणेवर, त्यांनी बरणी बरोबर बसवली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पितळ पीचच्या रंगाचं दिसत होतं. त्यांचा हात सवयीने झाकणासाठी वर गेला, रिकाम्या फळीवर क्षणभर फिरला आणि खाली आला. या बरणीला झाकण लागणार नव्हतं.